नंदुरबारची मिरची नेमकी कुठली?

तापीकाठ: सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर एकच मजकूर फिरतोय, "खान्देशात मिरची रामायणकाळापासून पिकते, पोर्तुगीजांनी ती इथूनच चोरून नेली." वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. मिरची मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोत ती हजारो वर्षं लावत होते. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचेपर्यंत आपल्याकडे कुणी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. पोर्तुगीजांनी ती जहाजातून आणली. चरकसंहितेत तिखटाला सुंठ, मिरे, पिंपळी आहेत, मिरची कुठेच नाही. नावसुद्धा तिनं मिऱ्यांचंच उचललं. उलट वांगं खरंच आपल्या मातीतलं. इथून ते इराण-अरबस्तानमार्गे युरोपात गेलं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्याचा अभिमान बाळगा ना!

पथारीची_लेक: म्हणजे आमची मिरची परकी? माझी आई नंदुरबारला पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, देठ खुडायची. रात्री हातांची आग होऊन झोप यायची नाही तिला. अवकाळी पाऊस आला की ओल्या मिरचीवर ताडपत्री ओढायला आम्ही पोरं धावायचो. तेव्हा मेक्सिकोतून कोणी आलं होतं का मदतीला?

तापीकाठ: ताई, परकी हा शब्द मी कुठे वापरला? तुमच्या आईच्या कष्टाची गोष्ट खरी आहे, म्हणूनच तिच्यावर रामायणाचं खोटं लेबल नको.

रावेरचा_बागायतदार: मिरचीचं काय घेऊन बसले भो, केळीचं बोला. आपण जी-नाईन लावतो ती कॅव्हेंडिश जातीतली. एका इंग्रज ड्यूकच्या आडनावावरून हे नाव पडलं. त्याच्या माळ्यानं मॉरिशसहून आलेलं रोप काचघरात वाढवलं होतं, १८३०च्या दशकात. पुढे पनामा रोगानं मध्य अमेरिकेतली ग्रो मिशेल जात संपवली आणि जगाच्या बाजारात कॅव्हेंडिश आली. आता आमच्या बागांत एकाच जातीची, एकसारखी रोपं. सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला की उपटून फेकायची. बाजाराच्या बोर्डावर भाव एक अन् बांधावर व्यापारी देतो दुसराच. ह्यावर धागा काढा की कोणी!

नाना_धुळे: सगळंच बाहेरचं ठरवून टाका! उद्या म्हणाल खान्देश नावही बाहेरचं. आमचे आजोबा कान्हदेश म्हणायचे, कान्हाचा देश.

तापीकाठ: नाना, त्यावरही वाद आहे. गुजरातच्या सुलतानानं इथल्या फारुकी राजांना 'खान' किताब दिला, त्यावरून खान्देश, असं बरेच जण मानतात. १६०१ मध्ये फारुकींचा असीरगड किल्ला पडल्यावर अकबरानं मुलाच्या, दानियालच्या नावावरून ह्याला 'दानदेश' केलं. ते नाव टिकलं नाही, खान्देश टिकलं.

नाना_धुळे: आजोबांच्या तोंडचं खोटं आणि तुमचं पुस्तकातलं खरं, असंच ना?

रावेरचा_बागायतदार: नाना, थांबा. ठिबकही इस्रायलचंच आहे. सिम्खा ब्लास नावाच्या इंजिनिअरनं गळक्या पाइपाजवळचं झाड जोमानं वाढलेलं पाहिलं, तिथून कल्पना निघाली. १९६५ मध्ये एका किबुत्झसोबत (सामूहिक शेतीच्या वसाहतीसोबत) धंदा सुरू झाला. म्हणून माझ्या शेतातली नळी परकी झाली का? विहिरीचं पाणी तळाला गेलं तेव्हा तिनंच बाग वाचवली.

पथारीची_लेक: मग हेच मिरचीला लावा! मी काय वेगळं बोलू राह्यले?

तापीकाठ: लावतोच. माझा राग त्या "चोरून नेली"वर आहे. चोरी कुणीच केली नव्हती, निदान मिरचीची.

नाना_धुळे: गोव्यात देवळं पाडणाऱ्यांची बाजू घेता?

तापीकाठ: देवळं पाडली तेही लिहा, हजारदा लिहा. पण त्यांनी मिरची आणली, बटाटा आणला, हेही घडलंय. एक लपवायला दुसरं कशाला पुसायचं?

पथारीची_लेक: बरं, मेक्सिकोचं मान्य. पण लाली मिरचीला जी चव आमच्या जमिनीनं दिली, ती नंदुरबारचीच. ह्यावर वाद घालायचा नाही.

तापीकाठ: नाही घालत.

नाना_धुळे: तो मजकूर मीच आमच्या ग्रुपवर टाकला होता. पोर्तुगीजांची ओळ काढतो. कान्हदेशावर मी ठाम आहे, आणि दुरुस्तीखाली तुमचं नाव येणार नाही.