इस्ट्रोजेन दिल्यावर मेंढीचं एलएच आधी खाली का जातं?

एमव्हीएससी_सेकंड_इयर: सेमिनारची तयारी चाललीय आणि डोकं आउट झालंय. अंडाशय काढलेल्या मेंढीला इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) टोचलं की एलएचची, म्हणजे बीज सोडायला लावणाऱ्या पिट्यूटरीतल्या हार्मोनची, मोठी उसळी येते हे पाठ आहे, पण ग्राफमध्ये पहिले काही तास एलएच चक्क खाली बसलेलं दिसतं आणि उसळी येते ती १२ ते २४ तासांच्या मधे कधीतरी. हार्मोन रक्तात तर लगेच पोचतं ना, मग एवढा वेळ करतं काय? उंदरात म्हणे दुपारचीच वेळ ठरलेली असते, मेंढीत पण तसं घड्याळ आहे का?

जुना_व्हेट: तसं घड्याळ नाही. उंदरात उजेड-अंधाराचं गणित लागतं, मेंढीत इस्ट्रोजेन कधी वाढलं तिथून मोजायचं. ते आधी ब्रेक लावतं, म्हणजे पिट्यूटरी (मेंदूखालची ग्रंथी) जीएनआरएचला, म्हणजे एलएच सोडायला सांगणाऱ्या मेंदूतल्या हार्मोनला, दाद देईनाशी होते, आणि मग काही तासांनी उलटं, तीच पिट्यूटरी जास्त हळवी होते आणि वरून हायपोथॅलॅमस (मेंदूचा तळाचा भाग) जीएनआरएचचा लोंढा सोडतो. गंमत म्हणजे जीएनआरएचच्या पेशींना इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टरच (त्याला ओळखणारा ग्राहक) नाही, निरोप किसपेप्टिन हा संदेशवाहक बनवणाऱ्या शेजारच्या पेशींमार्फत जातो, त्यात वेळ जाणारच.

लॅब_उंदीर: +१. मिशिगन विद्यापीठात कार्श या संशोधकांच्या ग्रुपने ९० च्या दशकात दाखवलंय की उसळी सुरू व्हायच्या कितीतरी तास आधी इस्ट्रोजेन काढून घेतलं तरी ती येतेच, म्हणजे सुरुवातीला ठराविक तास मिळालं की बास, पुढची गाडी आपली आपण चालते. पण प्रोजेस्टेरॉन (गाभणपण टिकवणारं हार्मोन) असेल तर अडतं, आणि नराला खच्ची करून इस्ट्रोजेन दिलं तरी अशी उसळी नाही, कारण गर्भातच टेस्टोस्टेरॉनने ती सोय बंद केलेली असते.

शेळीमेंढी_पालक: एवढं डोक्यावरून गेलं, पण आमच्या कामाचं सांगा, मेंढी भरवायची (नराकडे न्यायची) कधी?

जुना_व्हेट: उसळी सुरू झाल्यापासून साधारण एका दिवसाने बीज सुटतं, माज (मेंढी नराला घेते तो काळ) २४-३६ तास टिकतो. म्हणून माज दिसल्या दिसल्या घाई नको, १२ तासांनी भरवा, जमलं तर परत एकदा.

एमव्हीएससी_सेकंड_इयर: थँक्यू सगळ्यांना!! पण आता टेन्शन वेगळंच, आमच्या प्रयोगाच्या प्लॅनमध्ये इंजेक्शननंतर ८ तासच रक्त घ्यायचं लिहिलंय 😐

लॅब_उंदीर: मग तुमच्या ग्राफमध्ये फक्त खड्डाच दिसणार. ३० तासांपर्यंत घ्या, दर २ तासांनी, आणि शेडमध्ये जाताना थर्मास न्या.