पॅनोरमिक सनरूफने गाडीची बॉडी ढिली पडते का? सल्ला हवा (ठाणे)

कासारवडवलीकर
नमस्कार मंडळी. घर कासारवडवलीला, ऑफिस महापेला. रोज घोडबंदर रोड, मग कळवा-विटाव्यावरून ठाणे-बेलापूर रोड. खड्डे आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक यांच्याबद्दल तुम्हाला सांगायला नको.

कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायची आहे. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटवर घोडं अडलंय. एकाला साधा पत्र्याचा टप, दुसऱ्याला पॅनोरमिक सनरूफ, म्हणजे टपाचा मोठा भाग काचेचा. मुलीला सनरूफच हवंय. सासरे म्हणतात, टपाला एवढं भगदाड पाडलं की बॉडी कुरकुरणारच. मेहुण्याचं तिसरंच, साधी गाडी घ्या आणि सनरूफ बाहेरून बसवा, स्वस्तात होतं. आणि मला स्वतःला अधूनमधून सॉफ्ट टॉप (कापडी टपाच्या) थारची हुक्की येते. टपाचा आणि बॉडीच्या मजबुतीचा नक्की संबंध काय?

डिकीबंद
सनरूफ घेऊ नका. मे महिन्यात भट्टी, जुलैत गळती, बाकीचे महिने धूळ. विषय संपला.

पीळ_आणि_पत्रा
विषय आत्ता सुरू होतोय, डिकीबंद. मी बॉडी डिझाइनमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

पुढचं डावं चाक खड्ड्यात आणि मागचं डावं उंचवट्यावर आलं की गाडी पिळली जाते. आजच्या बहुतेक गाड्या मोनोकॉक असतात, म्हणजे बॉडीखाली वेगळी चासी (भार घेणारी चौकट) नसते. फ्लोअर, दरवाज्याखालचे सिल, पिलर (टप पेलणारे उभे खांब) आणि टप मिळून एक बंद पेटी होते आणि पीळ ती सगळी मिळून झेलते. प्लंबरकडून चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आणा आणि पिळून बघा. मग तोच उभा चिरून पुन्हा पिळा. माल तोच, जाडी तीच, पण विरोध शेकडो पटींनी घटलेला असतो. गाडी काही इतकी नाजूक होत नाही, पण कन्व्हर्टिबलचं दुखणं हेच. टप गेला की पेटी उघडी पडते. मग कंपनी सिल जाड करते, फ्लोअरखाली तिरके बार टाकते, पुढच्या काचेची चौकट भक्कम करते. गंमत अशी की टप नसलेली गाडी टपवाल्या भावंडापेक्षा जड भरते, आणि एवढं करूनही खराब रस्त्यावर तिचा डॅशबोर्ड थरथरतो.

सनरूफचं प्रकरण एवढं टोकाचं नाही. टपाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो. त्याला ताठ ठेवतात त्या कडेच्या दोन रेल, पिलर आणि टपाखालच्या आडव्या पट्ट्या. पॅनोरमिकमध्ये पत्र्याचा मोठा भाग आणि सहसा मधली आडवी पट्टी जाते. बदल्यात भगदाडाभोवती चौकट येते, आणि रेल-पिलरचे जोड कंपनीने त्याच हिशोबाने केलेले असतात. सरकणारी काच रबरावर बसते, ती पीळ अडवत नाही. न उघडणारं काचेचं छत मात्र पुढच्या काचेसारखं पॉलियुरेथेनने चिकटवलेलं असतं, त्याची मदत होते.

मोजमाप म्हणाल तर, बॉडी एक अंश पिळायला किती न्यूटन-मीटर लागतात ते बघतात. आजच्या चांगल्या मोनोकॉकला साधारण २०,००० ते ३०,०००. हा आकडा ब्रोशरमध्ये शोधू नका, तिथे फक्त स्पीकर किती ते सापडेल.

आणि सनरूफवर वाद घालताना डिकी सगळे विसरतात. हॅचबॅक आणि एसयूव्हीला मागे भलंमोठं तोंड असतं. सेडानला मागच्या सीटपाठी आडवा पत्रा आणि पार्सल ट्रे असतो, तो पीळ अडवतो. म्हणजे एसयूव्ही घ्यायचं ठरवलंत तेव्हाच थोडी ताठरता सोडलीत. तिची चिंता सासऱ्यांनी केली नाही.

कासारवडवलीकर
हे आज जेवताना सांगतो त्यांना. बायकोचा प्रश्न वेगळा आहे: गाडी उलटली तर? दोन्ही व्हेरियंटना क्रॅश टेस्टमध्ये फाइव्ह स्टार आहे.

पीळ_आणि_पत्रा
वहिनींचा प्रश्न रास्त आहे. भारत एनकॅपमध्ये, म्हणजे हे स्टार देणाऱ्या आपल्याकडच्या क्रॅश टेस्टमध्ये, समोरून ६४, बाजूने ५० आणि खांबावर २९ किमी वेगाची चाचणी होते. टप दाबून बघत नाहीत. अमेरिकेत बघतात. तिथल्या २००९ च्या नियमानुसार टप १२७ मिमी चेपायच्या आत त्याने गाडीच्या वजनाच्या तिप्पट भार पेलायला हवा. हा भार कडेला, पुढच्या पिलरच्या वर देतात, त्यामुळे परीक्षा पिलर आणि रेलची होते, मधल्या पत्र्याची फारशी नाही.

सनरूफचा तोटा दुसरीकडे आहे. ऐन डोक्यावर वीस-तीस किलो वाढतात. शिवाय गाडी उलटली तर पट्टा न लावलेला माणूस काचेतून बाहेर फेकला जाऊ शकतो. मुलीला सनरूफमधून डोकं काढून उभं करणार असाल तर साधा टपच घ्या, मी स्पष्टच सांगतो.

गॅरेज_वागळे
मेहुण्याला चहा पाजा आणि विषय बदला. बाहेरून टप कापलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. कापणारा मधली पट्टी सरळ उडवतो, वर फ्रेम आवळतो आणि सीलंट थापतो. पावसाळा झाला की टपाचं अस्तर ओलं, कापलेल्या कडेला गंज. कंपनी पट्टी काढते तेव्हा दुसरीकडे भरपाई करते, हे लोक कुठे करणार? वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, मूळ रचनेत असा फेरफार चालत नाही. विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला टप दिसणारच ना.

थारची जात वेगळी. खाली लॅडर (शिडीसारखी) चासी, बॉडी तिच्यावर रबर माउंटवर बसलेली. टप कापडाचा असला तरी मुख्य भार चासी घेते, आणि २०२० च्या मॉडेलला आत रोल केज (गाडी उलटली तर माणसं वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) आहे. पण रोज ट्रकांच्या मधून महापे? कान शाबूत ठेवायचे तर हार्ड टॉप बघा.

टेस्ट ड्राइव्ह पामबीच रोडवर घेऊ नका, तिथे फक्त एसी कळतो. गायमुखकडे न्या. आणि एक मागचं चाक फुटपाथच्या कडेवर चढवून गाडी उभी करा. मग चारही दरवाजे आणि डिकी उघडून लावून बघा. दरवाजा घासला, लॉक अडकलं किंवा लागताना आवाज बदलला तर बॉडी पिळतेय. दोन्ही व्हेरियंटवर एकाच जागी करा.

वाशीवाली
पॅनोरमिक वापरतेय. कुरकुर ऐकू येते, पण ती बॉडीची नसून काचेच्या रबराची. रबर पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं की बंद. गळतीचंही तसंच. कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांत झाडाची पानं अडकतात. मे अखेरीस प्रत्येक कोपऱ्यात थोडं पाणी ओतून बघा, गाडीखाली टपकायला हवं. नाही टपकलं तर सर्व्हिस सेंटरला न्या, तार खुपसू नका, नळी आतल्या आत सुटते.

कासारवडवलीकर
आभार सगळ्यांचे. बाहेरून बसवायचं रद्द, थारही रद्द. दोन्ही व्हेरियंट शनिवारी फुटपाथवर चढवतो. सेल्समन चढवू देईल?

गॅरेज_वागळे
सावकाश चढवा, टायरची भिंत घासू नका. नाहीच म्हणाला तर तुर्भ्यात शोरूमची कमी आहे का?