पावसात गिटारचं पोट फुगतंय
प्रश्न: घर मालवणात, समुद्र हाकेवर. गिटारचा टॉप (पुढची फळी) सॉलिड स्प्रूस लाकडाचा. पाऊस लागला की ब्रिजमागे (तारा फळीला अडकवलेल्या पट्टीमागे) फुगवटा येतो, तारा उचलतात, बार कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा दाबून) धरवत नाही. ट्रस रॉड (मानेतली धातूची सळई) फिरवू का?

उत्तर: अजिबात नको! रॉड फक्त मानेचा बाक काढतो, पोट ओलाव्याने फुगलंय. केस बंद ठेवा, आत हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायला) आणि सिलिका जेल (ओलावा शोषायला). जेल नारिंगी घ्या, निळ्यात घातक कोबाल्ट असतं. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. ४० च्या खाली लाकूड आक्रसतं, फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बोटांना टोचतात.

दुसरं उत्तर: ओल आलेल्या भिंतीवर टांगू नका. वाजवून झालं की तारा खालूनही पुसा, खाऱ्या वाऱ्याने गंज तिथूनच धरतो.

प्रश्नकर्ता: हायग्रोमीटर ठेवला. केसमध्ये ७८ टक्के!