माळ्यावर मास्क सापडला: टोबॅगोतले पाण्याखालचे अनुभव लिहा

शेवंती_क
गणपती तोंडावर आलेत म्हणून माळा आवरायला काढला. समया, फाटकी छत्री, लेकाची तिसरीची प्रगतिपुस्तकं आणि तळाशी स्नॉर्कलिंगच्या (नळीने श्वास घेत पाण्याखाली बघायच्या) मास्कची पिशवी. नळी उलटी केली तर चिमूटभर वाळू लादीवर पडली. दहा वर्षांपूर्वीची वाळू! मग काय, तिथेच फतकल मारून बसले.

२०१५ साली नवरा कॅरिबियनमधल्या त्रिनिदादला पॉइंट फोर्टिनमध्ये गॅसच्या कामावर होता. ईस्टरच्या सुट्टीत पोर्ट ऑफ स्पेनहून बोटीने शेजारच्या टोबॅगो बेटावर गेलो (बोटीचं विचारू नका, निम्मी मंडळी पिशवीत तोंड घालून बसली होती) आणि स्कारबरोहून वळणं घेत घेत बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, शार्लटविलला. कोळ्यांचं गाव. पाठीशी डोंगर, पुढे मॅन ओ वॉर बे, पाण्यावर डुलणाऱ्या होड्या आणि प्रत्येक होडीला दोन्ही अंगांनी टोळाच्या मिशांसारखे लांब बांबू. त्यांना गळाच्या दोऱ्या बांधतात.

जो तो म्हणे पायरेट्स बेला जा. गेलो. चढ, मग खाली पायऱ्याच पायऱ्या. किनारा चित्रातल्यासारखा. थेट खाडीच्या मधोमध पोहत गेलो आणि डोकं खाली घातलं तर वाळू. वाळू आणि माझी सावली. दुसऱ्या दिवशीही तेच. नवरा म्हणाला, एवढ्यासाठी बोटीत ओकलो?

तिसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर एक म्हातारेबाबा जाळं सांधत बसले होते. काय काय दिसलं म्हणाले. म्हटलं, काहीच नाही. असे हसले! "मधे काय असणार? मासा काय भर रस्त्यात उभा राहतो? खडकाला धरून कडेकडेने जा. वारा उठायच्या आत जा. पाऊस पडला तर ओढ्याच्या तोंडाशी फिरकू नका, गढूळ असतं. आणि पेलिकन कुठे सूर मारतात ते बघा, बारकी मासळी तिथे असते. बारकी असली की मोठी येतेच."

त्याच खाडीत, तेच पाणी, फक्त डाव्या हाताच्या खडकांना धरून गेले. निळ्या सर्जन माशांचा थवाच्या थवा अंगावरून गेला. पोपट मासे प्रवाळ खरवडत होते, त्याचा कुर्रकुर्र आवाज पाण्यात चक्क ऐकू येतो. शेजारी बसून कोणी चकली खातंय असं वाटतं.

तुम्हाला चांगली जागा कशी सापडली? टोबॅगो नाही तर आसपासचं कुठलंही चालेल. लिहा.

पन्हाळकर_पोट्टा
चकली 😂 फोटो टाका की.

शेवंती_क
पाण्याखालचा कॅमेरा कुठला तेव्हा. किनाऱ्यावरचे आहेत, जुन्या लॅपटॉपवर. तो सुरू होत नाही.

डेक्कनचा_कासव
शार्लटविलच्या अलीकडे डोंगर ओलांडला की स्पेसाइड. तेही कोळ्यांचंच गाव, पण अटलांटिकच्या बाजूला, म्हणजे पाण्याला ओढ जबरदस्त. समोर गोट आयलंड आणि लिटल टोबॅगो. नाववाल्याने विचारलं पोहता येतं का? मी छाती काढून सांगितलं, टिळक तलावात चाळीस फेऱ्या मारतो. त्याला टिळक तलाव माहीत असायचं कारण नव्हतं, पण चेहऱ्यावरून कळलं असावं. म्हणाला, इथे पोहायचं नाही, नुसतं तरंगायचं. पाणी नेईल तिकडे जायचं, मी होडी घेऊन मागे येतो.

आणि खरंच, हात मारावाच लागत नाही. सरकत्या पट्ट्यावर पालथं पडल्यासारखं. खालून समुद्रपंखे (पंख्यासारखी प्रवाळं) झुलताना मागे जातात. एके ठिकाणी उलट पोहायचा प्रयत्न केला, दोन मिनिटं जीव तोडून हात मारले, खालचा दगड तिथल्या तिथे. चाळीस फेऱ्या गेल्या पाण्यात. म्हणून सांगतो, स्पेसाइडला होडीशिवाय उतरू नका, जागा किनाऱ्यावरून कितीही जवळ दिसू दे.

तिथलं ते अवाढव्य मेंदू-प्रवाळ खूप खोल आहे, टाक्या लावून जाणाऱ्यांसाठी. आमच्या नशिबी छोटे मेंदू. बायको म्हणाली, तुला तेवढेच पुरे.

मनमोर
शेवटचं वाक्य 👌 वहिनींना नमस्कार सांगा.

पिठलंभाकर
कुकर लावून वाचतेय. मला पोहता येत नाही, चष्मा उणे पाच. माझ्यासारखीने काय करायचं? नुसतं हेवा?

डेक्कनचा_कासव
@पिठलंभाकर नंबरच्या काचांचे तयार मास्क मिळतात. पाण्याखाली सगळं साधारण एक तृतीयांश मोठं दिसतं, त्यामुळे नंबर थोडा कमी असला तरी भागतं. मित्राने विचारलं होतं चष्म्यावरून मास्क लावू का. नाही लागत, काडीपाशी पाणी शिरतं. मिशीवाल्यांचंही तेच. मिशीला व्हॅसलीन चोपडा नाहीतर मिशी काढा.

कोल्हापुरी_झटका
मिशी काढायची?? मासे नाही बघितले तरी चालतील.

सुमती_आजी
पिठलंभाकर बाळ, मीही पोहत नाही आणि मी गेले आहे. वय ६४ होतं तेव्हा. मुलगा घेऊन गेला. टोबॅगोच्या नैर्ऋत्येला पिजन पॉइंट आणि स्टोअर बेवरून काचेच्या तळाच्या होड्या सुटतात, त्या बुक्कू रीफवरून नेतात. पुढे समुद्राच्या मधोमध कमरेएवढं पाणी, खाली पांढरीशुभ्र वाळू, नाव नायलॉन पूल. ब्रिटनची राजकुमारी मार्गारेट १९६२ साली तिथे आली होती, पाणी नायलॉनच्या मोज्यासारखं पारदर्शक आहे म्हणाली, ते नाव चिकटलं. मी म्हटलं, साबुदाणा नायलॉन, पोहे नायलॉन, आता डोहही नायलॉन. मुलाने सगळ्या होडीला भाषांतर करून सांगितलं, कोणी हसलं नाही.

मासे मात्र होडीच्या काचेतूनच बघितले. प्रवाळ बरंच मोडलेलं. पूर्वी म्हणे पर्यटकांना प्लास्टिकचे बूट देऊन त्यावरून चालवत असत. १९७३ मध्ये संरक्षित केलं, पण तोवर किती पावलं पडली असतील.

पिठलंभाकर
आजी 🙏 कमरेएवढं पाणी जमेल मला. चार शिट्ट्या झाल्या, येते.

खवळो_मालवणी
ताई, त्या टोबॅगोत रापण ओढतत की नाय? आमच्या मालवणाक किनाऱ्यार पूर्वी रोज ओढीत, आता कमी झाली. दोरयेक हात लावलो की वाटो गावता.

शेवंती_क
@खवळो_मालवणी ओढतात तर! शार्लटविल नाही, कॅस्टारा नावाचं गाव आहे, तिथे बघितलं. होडीतून अर्धगोल जाळं टाकतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांना माणसं. आम्ही बघत उभे होतो तर एकाने नुसती मान हलवून दोर दाखवला. ओढला. तळहात सोलले. शेवटी एका बाईने पिशवीत चार मासे घालून दिले, पैसे घेईना.

खवळो_मालवणी
बघा! दर्या खंयचोय आसो. 😀 त्या दिवशी तिथे स्नॉर्कलिंग नाय ना केलास? रापणीत गावलां असतास.

शेवंती_क
हाहा, नाही. शेजारच्या छोट्या खाडीत गेलो, खडक ओलांडला की लगेच. कॅस्टाऱ्याला किनाऱ्यावरच मातीच्या भट्टीत पाव भाजतात, पाण्यातून बाहेर आलं की वास. मासे कमी आठवतात, पाव जास्त.

एकटा_जीव
ऑगस्टमध्ये गेलो होतो. हिरवं पाणी! पालक सूप. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. हॉटेलवाल्याला विचारलं तर म्हणे ओरिनोको. व्हेनेझुएलातली नदी, पावसाळ्यात फुगते आणि तिचं पाणी वाहत टोबॅगोपर्यंत येतं, सोबत गाळ आणि शेवाळ. जानेवारी ते मे कोरडे महिने, तेव्हा जा. तिकीट काढताना हे कोणी सांगत नाही. स्वस्त का होतं ते नंतर कळलं.

वर अटलांटिकच्या किनाऱ्यांवर सार्गासमचे (तरंगत्या समुद्री शेवाळाचे) ढीग. २०११ पासून कॅरिबियनमध्ये त्याच्या लाटा येताहेत. कुजलं की अंड्यासारखा वास. मी आठवडाभर दोन्ही वेळा डबल्स खाल्ले आणि परत आलो. डबल्स म्हणजे दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, मध्ये छोले. ट्रिप वसूल.

कोल्हापुरी_झटका
डबल्सवर वेगळा धागा काढा.

मनमोर
+१

बोरीबंदर_लोकल
पाण्याखालचं काही नाही माझ्याकडे, पण राहवत नाही. सासरे जहाजावर होते, पोर्ट ऑफ स्पेनला उतरले की लोक विचारायचे कुठले? बॉम्बे म्हटलं की, "गावसकर!" १९७१ ला पदार्पणाच्या मालिकेत ७७४ धावा, त्यातला त्याचा पहिला आणि शेवटचा सामना तिथेच. त्याच्यावर कॅलिप्सो (तिकडचं लोकसंगीत) गाणं केलं होतं त्यांनी. स्वतःच्याच गोलंदाजांना धुतलं म्हणून गाणं करणारी माणसं, किती दिलदार. सासरे चिंचपोकळीचे, पण ओळख लागते म्हणून दादरचे सांगायचे.

डेक्कनचा_कासव
त्याचा काय संबंध 😂 पण छान.

मीठमिरची
माझा अनुभव मूर्खपणाचा. पायरेट्स बेच्या खडकांपाशीच. लाटेने ढकललं म्हणून मोहरी रंगाच्या एका फांदीला धरलं. ते फायर कोरल निघालं. नाव सार्थ आहे. तापलेल्या तव्याला हात लागावा तसं. धक्क्यावर एका कोळिणीने काही न विचारता व्हिनेगरची बाटली आणून ओतली, म्हणजे मी पहिली नव्हते. चोळू नको म्हणाली.

त्याच संध्याकाळी कळलं की पाठ पण करपली आहे. पालथं तरंगताना पाणी गार लागतं, ऊन कळत नाही. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला गं बायांनो. दोन रात्री पोटावर झोपले.

मेनूवर "डॉल्फिन" बघून रडकुंडीला आले होते ते वेगळंच. तिकडे माही माही माशाला डॉल्फिन म्हणतात. नवऱ्याने मी विचारायच्या आत मागवला होता.

पिठलंभाकर
अगं!! (कुकर उतरला.)

एकटा_जीव
काच धुरकट होते त्यावर उपाय? माझा अर्धा वेळ त्यातच गेला.

डेक्कनचा_कासव
नवीन मास्क असेल तर आधी आतून टूथपेस्टने घासायचा, कारखान्यातला थर जातो. नंतर दर वेळी थुंकी. हो, थुंकी. बोटाने पसरायची, हलकं विसळायचं. नाववाला माझ्या मास्कमध्ये स्वतः थुंकायला निघाला होता, मदत म्हणून.

शांतारस
वाचत होतो, लिहू की नको असं झालं. आम्ही २०२४ च्या उत्तरार्धात शार्लटविललाच होतो. तुम्ही सांगता तेच डाव्या हाताचे खडक. पोपट मासे होते, आवाजही होता. पण प्रवाळाचे पट्टेच्या पट्टे पांढरे. पहिल्यांदा सुंदर वाटलं, बर्फ पडल्यासारखं. मुलगी म्हणाली, बाबा, किती स्वच्छ आहे. वर आल्यावर होडीवाल्याने सांगितलं की पाणी फार तापलं, प्रवाळाने आतलं शेवाळ टाकून दिलं, रंग त्या शेवाळाचा असतो. लगेच मेलेलं नसतं, पाणी वेळेत निवलं तर परत धरतं. मुलीला हे सांगितलं नाही तेव्हा. आता ती अकरावीत आहे, एकदा स्वतःच वाचून आली आणि म्हणाली, मी स्वच्छ म्हटलं होतं ना.

शेवंती_क
डावीकडचे म्हणजे मोठ्या कपारीच्या अलीकडचे?

शांतारस
हो. कपारीच्या आत थोडा रंग होता. सावलीमुळे असेल.

शेवंती_क
तिथेच मला समुद्रघोडा... नाही, सुईमासा दिसला होता. उभा. फांदी असल्याचं सोंग करून.

शांतारस
तो होता.

सुमती_आजी
शेवंती, मास्क टाकू नकोस हो.

शेवंती_क
आजी, पट्टा चिकट झालाय, हाताला काळं लागतं. काच मात्र चांगली आहे. लेक म्हणतोय पट्टा नवीन मिळतो, पाठव लिंक म्हटलं.

पन्हाळकर_पोट्टा
व्हिसाचं कोणी सांगेल का?

पिठलंभाकर
आणि कमरेएवढं म्हणजे नक्की किती? मी पाच फूट आहे.