मदत हवी आहे: फेरीत सगळ्यांना पक्षी दिसतो, मलाच दिसत नाही

झुळूक
वसंतातल्या फेऱ्या सुरू झाल्यात. आमच्या पक्षीमित्र मंडळाबरोबर दर रविवारी जाते आणि दर रविवारी तेच होतं. कुणीतरी कुजबुजतं, "तो बघा, तो बघा". सगळ्यांच्या माना वर, दुर्बिणी डोळ्यांना, "अहाहा" सुरू. मी दुर्बीण लावेपर्यंत तिथे फक्त पान हलत असतं. परवा स्वर्गीय नर्तक होता म्हणे, लांब पांढऱ्या शेपटीचा नर. सगळ्यांनी पोटभर पाहिला. मी झाडाचं खोड पाहिलं.

दुर्बीण चांगली आहे, खूप लांबचं दिसतं. डोळ्यांचा काही प्रश्न नाही. फेरीप्रमुख दादा स्पीकरवर आवाज लावून पक्षी जवळ बोलावतात, तरी माझं आपलं तेच. या रविवारच्या आत उपाय हवाय. "सराव करा, येईल हळूहळू" हे ऐकून कान किटले आहेत, ते कृपया सांगू नका.

गवताळ
दुर्बीण कोणती? तिच्यावर ८×४२ असे काहीतरी आकडे असतील, ते सांगा. चष्मा आहे का? एवढं कळल्याशिवाय सगळं अंदाजपंचे.

लेन्सवेडा
दुर्बीण विसरा. मोठ्या झूमचा कॅमेरा घ्या. धडाधड फोटो काढायचे, घरी येऊन निवांत मोठे करून ओळखायचे. मी दुर्बीण केव्हाच कपाटात टाकली.

गवताळ
ज्यांना दुर्बिणीत पक्षी सापडत नाही त्यांना ६०० मिमीच्या लेन्समध्ये कसा सापडणार? तिथे तर त्याहून कमी भाग दिसतो.

लेन्सवेडा
झूम मागे घेऊन आधी झाड पकडायचं, मग पुढे जायचं. दुर्बिणीला ही सोय नाही. पण असो, दुर्बीणवाल्यांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

कानसेन
तुम्ही शोधायला डोळ्यांनी सुरुवात करताय, तिथेच वेळ जातो. वसंतात आधी कान. विणीच्या हंगामात नर हद्द राखण्यासाठी गातात आणि बहुतेकांच्या गाण्याच्या जागा ठरलेल्या असतात. उडाला म्हणून हळहळायचं नाही, त्याच फांदीवर नजर ठेवून उभं राहायचं, पुष्कळदा परत येतो. तांबट बघा, शेंड्यावरच्या वाळक्या काटकीवर बसून टुक टुक करत राहतो. हळद्या, सुभग, दयाळ हे आधी ऐकूच येतात. फोनवर मर्लिन अ‍ॅप टाका, कॉर्नेलच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं आहे, आवाज ऐकून नावं सुचवतं.

रानभूल
मर्लिन सुचवतं, सिद्ध करत नाही. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, तिथे अ‍ॅप सरळ फसतं. नाव आलं की पक्षी बघितल्याशिवाय यादीत टाकू नका.

पण ते जाऊ दे. दादा *स्पीकर* लावतात? विणीच्या दिवसांत? नराला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला. खाणं सोडून, कधी पिल्लं सोडून तो भांडायला येतो, आणि भांडायला समोर कुणी नसतंच. दर रविवारी, त्याच झाडाखाली. हे पक्षीनिरीक्षण नव्हे, पक्ष्यांचा छळ आहे.

पिंपळपार
छळ म्हणे! अर्धा मिनिट आवाज लावला, पक्षी आला, पाहिला, बंद केला. नव्या लोकांना पक्षी दिसलाच नाही तर ते मंडळात टिकतील का? तुमच्यासारखे सोवळे लोक असले की मंडळं ओस पडतात.

रानभूल
अर्धा मिनिट तुमचा. त्याच पायवाटेवर त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक गटाचा अर्धा मिनिट धरा आणि मग बेरीज करा.

पिंपळपार
घरट्यासमोर तंबू ठोकून बसणाऱ्या फोटोवाल्यांना आधी बोला. घरटं नीट दिसावं म्हणून आडवी येणारी फांदी तोडणारे पाहिलेत मी.

लेन्सवेडा
सगळे फोटोवाले एका माळेत ओवू नका.

झुळूक
माझा प्रश्न राहिला बाजूला.

पाणवठा
उन्हाळा जवळ आलाय, मातीचं पसरट भांडं सावलीत ठेवा. पाणी बोटभर खोल पुरे, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा म्हणजे लहान पक्ष्यांना पाय टेकता येतात. पाणी रोज बदला आणि भांडं घासा, नाहीतर डास होतात. मांजर दबा धरून बसेल असं झुडूप जवळ नको. पक्षी पाहायला रविवारची वाट बघावीच लागणार नाही.

गवताळ
@झुळूक, आकडे? चष्मा?

झुळूक
आकडे २०×५० आहेत. मोठी आहे चांगली, म्हणून तर म्हटलं लांबचं दिसतं. चष्मा आहे, लांबचा, पण फेरीत तो काढून पर्समध्ये ठेवते. दुर्बिणीला आपटतो आणि लावला की चित्र बारीक, गोल दिसतं.

गवताळ
अहो, मग कोडं सुटलं की! "डोळ्यांचा काही प्रश्न नाही" म्हणालात तेव्हाच शंका आली होती.

पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी दिसावा लागतो, दुर्बीण त्यानंतर. बाकीचे लोक पानांतली हालचाल डोळ्यांनी पकडतात, नजर तिथेच खिळवतात आणि मग दुर्बीण मध्ये आणतात. तुम्ही लांबचा चष्मा काढून उभ्या राहता. तुम्हाला ती हालचाल दिसतच नाही, मग दुर्बीण नुसती हिरवळीवर फिरवत बसावं लागतं. चष्मा लावायचा. दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या रबरी कडा बाहेरच्या बाजूला दुमडायच्या, नव्या दुर्बिणीत त्या फिरवून आत जातात. चित्र बारीक दिसतं ते त्या कडांमुळे. डोळा भिंगापासून जास्तच लांब राहतो. दुमडूनही तसंच दिसलं तर ती दुर्बीण चष्मेवाल्यांसाठी नाही. नवी बघताना भिंगापासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर (आय रिलीफ) निदान १५ मिमी दिलेलं आहे का ते विचारा.

आता २०×५०. वीस पट म्हणजे हाताचा कंपही वीस पट. असल्या दुर्बिणीत साधारण ३ अंशांचं दृश्य दिसतं. वीस मीटरवरच्या झाडाचा जेमतेम एक मीटर तुकडा. ८×४२ मध्ये ८ अंशांच्या आसपास, म्हणजे त्याच झाडाचा पावणेतीन मीटर. फांद्यांत उड्या मारणारा वटवट्या एक मीटरच्या चौकटीत किती वेळ थांबेल? शिवाय ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिमीमध्ये, तो भागिले २० म्हणजे अडीच मिमी. प्रकाशाचा एवढाच झोत डोळ्यात जातो. ८×४२ चा सव्वापाच. पहाटेच्या अंधुक उजेडात हा फरक चांगलाच जाणवतो. २०×५० तिपाईवर लावून तळ्यातली बदकं बघायला ठेवा.

उंबरफळ
८ कशाला, १०×४२ घ्या. पिसांवरच्या रेषा दिसतात.

गवताळ
उघड्या माळावर १० ठीक. दाट झाडीत आणि नवशिक्या हातात ८च.

उंबरफळ
माझे हात थरथरत नाहीत.

गवताळ
प्रश्न तुमच्या हातांचा नाहीये.

चिऊची_आजी
झुळूकबाई, सराव म्हणू नका म्हणालात म्हणून म्हणत नाही. फक्त शनिवारी खिडकीतून समोरच्या तारेवर बसलेला कावळा बघा. नजर कावळ्यावर, मान हलवायची नाही, डोळे खाली न्यायचे नाहीत, दुर्बीण वर येऊन डोळे आणि कावळा यांच्या मध्ये आली पाहिजे. बहुतेक जण नेमके त्या क्षणी खाली दुर्बिणीकडे बघतात आणि वर बघेपर्यंत जागा चुकलेली असते. दुसरं, चालतानाच चाक फिरवून समोरच्या झाडांइतक्या अंतरावर चित्र स्पष्ट करून ठेवायचं. पक्षी आल्यावर चाक शोधत बसलात तर गेलाच तो.

उजव्या डोळ्याची वेगळी कडीही एकदा लावून घ्या. उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्याचं स्पष्ट करा, मग डावा झाकून फक्त कडी फिरवून उजव्याचं. पुन्हा तिला हात लावायचा नाही.

आणि "तो बघा" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे विचारायचं, कुठे? आमच्यात झाडाला घड्याळ समजतात. शेंडा बारा वाजता, उजवी बाजू तीन. "वाळक्या झाडामागचं गर्द झाड, दोन वाजता, कडेला" एवढं सांगता येत नसेल त्याने ओरडू नये. हात लांब करून दाखवणं तर नकोच, निम्मे पक्षी हातालाच उडतात.

झुळूक
हे कामाचं आहे. मंडळात विचारलं, एकांकडे जादा ८×४२ आहे, रविवारी देतील. चष्मा लावून जाईन. एक शंका: मागे मला लांब शेपटीचं तांबूस काहीतरी ओझरतं दिसलं होतं, दादा म्हणाले स्वर्गीय नर्तकाची मादी. मग पांढरा कधी दिसणार?

रानभूल
मादीची शेपटी लांब नसते. तांबूस आणि लांब शेपटी म्हणजे नरच. नर तांबूस रंगाचेही असतात. तुम्ही नर पाहिलाय, दादांना सांगा. आणि सांगताय तर स्पीकरचंही सांगा.

पिंपळपार
झालं, पुन्हा स्पीकर.

झुळूक
दादांना कसं सांगू? मंडळात मी सगळ्यात नवी.

चिऊची_आजी
चारचौघांत नको. चहाच्या वेळी बाजूला घेऊन म्हणा, "दादा, या रविवारी स्पीकर न लावता एका फुललेल्या झाडाखाली थांबून बघू या का?" काटेसावर, पळस, पांगारा, जे असेल ते. मधासाठी शिंजीर, मैना, भोरड्यांचे थवे आपणच येतात. उन्हाकडे पाठ करून उभं राहायचं. नाही म्हणायला त्यांना कारण नाही.

पाणवठा
मी वर भांड्याचं लिहिलं होतं. आमच्या भांड्यावर फक्त साळुंक्या येतात, बाकी कुणाला फिरकू देत नाहीत. काय करावं?

गवताळ
नवा धागा काढा. आणि भांड्याचा व्यास लिहा.