मदत हवी आहे : वेनझोऊ अपघात, वेइबो आणि चिनी परिषदांतील निबंध

नमस्कार. चिनी समाजातील माध्यमव्यवहार हा माझ्या संशोधनाचा विषय असून, २३ जुलै २०११ रोजी चीनमधील वेनझोऊ शहराजवळ दोन वेगवान रेल्वेगाड्यांची टक्कर होऊन ४० जण मृत्युमुखी पडल्यानंतर वेइबो या चिनी समाजमाध्यमावर उमटलेल्या प्रतिक्रिया हा त्याचा गाभा आहे. अपघातग्रस्त डब्याचे अवशेष पोकलेनने जागेवरच पुरले जात असल्याची छायाचित्रे वेइबोवरून पसरली आणि रेल्वे मंत्रालयाच्या प्रवक्त्याला त्यावर जाहीर खुलासा करावा लागला.

गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांच्या २०१३च्या निबंधानुसार, चिनी समाजमाध्यमांवरून सरकारवरील टीकेपेक्षा लोकांना सामूहिक कृतीसाठी एकत्र आणू शकेल असा मजकूर प्रामुख्याने काढून टाकला जातो. निष्कर्ष महत्त्वाचा खराच. पण केवळ तेवढ्यावर वेनझोऊचा उलगडा होतो, असे मला वाटत नाही. म्हणूनच चिनी अभ्यासकांनी देशांतर्गत परिषदांत काय मांडले, हे पाहणे आवश्यक आहे.

अडचण अशी, की सीएनकेआय या चिनी संशोधनसंग्रहातील प्रबंध आणि परिषदांची इतिवृत्ते एप्रिल २०२३पासून परदेशी संस्थांना मिळेनाशी झाली. हाँगकाँग किंवा तैपेई येथील ग्रंथालयांमार्फत अशा निबंधांच्या प्रती रीतसर मागवण्याचा अनुभव कोणाला असल्यास कृपया कार्यपद्धती सांगावी. शिवाय, वेइबोवरून काढून टाकलेली सामान्य नागरिकाची नोंद परिषदेतील निबंधात शब्दशः उद्धृत करावी की केवळ आशय द्यावा, याबाबतही जाणकारांचे मत हवे आहे; नाव गाळले तरी मूळ वाक्यावरून लेखकाचा माग काढता येतो.