जहाजातून कुठल्या बेटावर उतरावं? सांगली-साताऱ्याकडच्या मंडळींचे अनुभव

दिवाळीनंतर घरातल्या सगळ्यांनी मिळून लक्षद्वीपला जायचं घाटतंय. कोचीहून जहाज निघतं, कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी बेटं दाखवतं. दिवसा बेटावर उतरायचं, संध्याकाळी जहाजावर परत. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, गुडघे कुरकुरतात, पण समुद्राची हौस दांडगी. धाकटा सातवीत आहे, त्याला पाण्यातून बाहेर ओढून काढावं लागतं. दीर म्हणतात अंदमानला जाऊ, नणंदेला सिंगापूरहून निघणारी क्रूझ हवी आहे. सगळीकडचे फोटो सारखेच दिसतात: निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड. त्यावरून काहीच ठरत नाही.

म्हणून हा धागा काढला. आपल्या भागातून अशा सफरीला जे जाऊन आलेत त्यांनी मोकळेपणाने लिहा. कुठला किनारा आवडला, बरोबर कोण होतं, आणि नेमकं काय आवडलं? लक्षद्वीपचंच सांगा असं नाही.
– विश्रामबाग, सांगली

मिरज

ताई, आम्ही हीच सफर केली आहे. मिरजेवरून पूर्णा एक्सप्रेसने एर्नाकुलम, तिथून जहाज. मी नर्स आहे आणि बरोबर वडील होते, त्यामुळे माझं लक्ष पहिल्यापासून चढ-उताराकडे होतं.

जहाज बेटाला टेकत नाही हे आधी लक्षात घ्या. ते प्रवाळाच्या कड्याबाहेर खोल पाण्यात थांबतं. जहाजाच्या बाजूला पाण्यालगत एक दार उघडतं आणि खाली लहान बोट येऊन लागते. ती बोट लाटेबरोबर वर येते, खाली जाते. दारात दोन खलाशी आणि बोटीत दोन खलाशी उभे असतात. बोट वर आली की ते "आता" म्हणतात, त्याच क्षणी पाय टाकायचा. वडील दारात घुटमळायला लागले तेव्हा एका खलाशाने त्यांची दोन्ही दंडं धरली आणि पुढची लाट येईपर्यंत नुसता थांबला. घाई केली नाही, ओरडला नाही. वडिलांनी पाय टाकला आणि खालच्याने त्यांना बसवूनच सोडलं. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी धसका बसणार नाही. साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला तर फार सोपं जातं.

किनारा म्हणाल तर डोळे झाकून कल्पेनी. कल्पेनी, तिलक्कम, पिट्टी आणि चेरियम ही बेटं एकाच लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळकड्याने अडवलेल्या उथळ पाण्यात आहेत. लाटा बाहेर कड्यावर फुटतात, आत पाणी अगदी शांत. आम्ही होतो त्या बाजूला बरंच आत चालत गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नव्हतं. वडिलांसाठी गुडघाभर पाण्यात खुर्ची टाकून दिली. ते तिथेच बसले, जेवायला बोलावलं तेव्हा कुठे उठले. भाऊ आणि भाची कयाक घेऊन तिलक्कमच्या दिशेने हिंडत होते आणि ते सगळा वेळ वडिलांना दिसत होते. एकाच किनाऱ्यावर म्हातारं माणूस आणि पोर दोघांचं भागतं, ते या बेटावर.

सातारा तालुका

मी नौदलातून निवृत्त झालो. आमच्या गावात घरटी एक फौजी, त्यात मी पाण्याकडे गेलेला. मिरजेच्या ताईंनी कल्पेनीचं सांगितलं ते योग्यच आहे. त्यामागचं कारण सांगतो, म्हणजे कुठल्याही बेटावर ते वापरता येईल.

लक्षद्वीपची बहुतेक बेटं प्रवाळकड्याच्या पूर्व बाजूला आहेत आणि लगून पश्चिमेला. म्हणजे पश्चिमेचा किनारा पोहण्याचा आणि पूर्वेचा बघण्याचा. पूर्वेला समुद्र लगेच खोल होतो आणि लाट थेट अंगावर येते. कल्पेनीच्या पूर्व अंगाला प्रवाळाच्या दगडगोट्यांचा बांधच पडलेला आहे. 1847 च्या वादळाने तो तिथे आणून टाकला. लक्षद्वीपची सगळी जमीन मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर, पण लगूनचं पाणी 4200 चौरस किलोमीटर. तिथे खरी बघण्याची गोष्ट पाणीच आहे. म्हणून बेटावर उतरल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा: लगून कुठल्या अंगाला?

माझं स्वतःचं मत मात्र मिनिकॉय. ते एकटं दक्षिणेला, नाइन डिग्री चॅनल नावाच्या रुंद समुद्रपट्ट्याच्या पलीकडे आहे. तिकडे जाताना रात्री जहाज डोलतं, त्याची तयारी ठेवा. पण सकाळी लगून दिसलं की रात्रीचा त्रास विसरायला होतो. 1885 साली बांधलेलं दीपगृह आहे. पायऱ्या भरपूर, सासूबाईंनी खालीच बसावं. तुमचा सातवीतला मुलगा वर गेला तर त्याला लगूनची फिकट निळाई, कड्यावरची फेसाची रेघ आणि बाहेरचा काळसर समुद्र एका नजरेत दिसेल. भूगोलाच्या पुस्तकातलं कंकणद्वीप कसं असतं ते पोराला तिथे कळतं. माणसंही वेगळी. भाषा महल, मालदीवच्या भाषेची सख्खी. तिथल्या थुंडी किनाऱ्याला 2022 मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्याचं मानांकन मिळालं, तेव्हा स्वच्छतेची काळजी नको.

आता तारखेबद्दल. दिवाळीनंतर लगेच जाण्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारी बघा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्या पट्ट्यात वादळं येऊ शकतात. 2017 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला ओखी वादळाने मिनिकॉय आणि कल्पेनीला चांगलंच झोडपलं होतं. दरवर्षी तसं होत नाही, पण घरात वयस्क माणूस असेल तर शांत महिना निवडावा.

तासगाव

काकांचं महिन्याचं बोलणं शंभर टक्के खरं. आमची द्राक्षबाग. दिवाळीच्या आसपास ऑक्टोबर छाटणीनंतरची फवारणी असते, जानेवारीपासून माल उतरायला लागतो. मोकळीक मिळते ती खरड छाटणी उरकल्यावर, म्हणजे एप्रिलच्या शेवटाला. त्यामुळं आम्ही मेच्या सुरुवातीला गेलो. पावसाळ्याआधीची लाट वाढायला लागलेली होती. एका बेटावर लहान बोटी लावणं धोक्याचं आहे म्हणून उतरणंच रद्द झालं आणि दिवसभर जहाजावरून लांबनं माड बघितले. पोरं रडकुंडीला आली. कप्तानानं केलं ते बरोबरच, माणसाच्या जिवापुढं किनारा काय. पण ज्यांना महिना निवडता येतो त्यांनी बेटाच्या आधी महिना निवडावा.

आणि ज्या बेटावर उतरायला मिळेल तिथं पहिल्या बोटीनं जावा. दुपारपर्यंत ऊन असं तापतं की वाळूत उभं राहवत नाही.

कराड

मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्याबरोबर आम्ही दोघं कॅरिबियन क्रूझला गेलो होतो. फ्लोरिडाहून निघालो, जहाज केवढं मोठं! तिथे प्रत्येक बंदरावर मोजके तास मिळतात, त्यामुळे किनारा निवडणं फार महत्त्वाचं ठरतं. सूनबाईने निघण्याआधीच वही घातली होती: बंदरापासून किनारा किती लांब, सावली आहे का, बाथरूम आहे का, परतीची टॅक्सी सहज मिळते का. मला ती पद्धत मनापासून पटली.

सगळ्यात आवडला तो ग्रँड केमनचा सेव्हन माइल बीच. तिथेही मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीने जॉर्ज टाउनला उतरवतात आणि तिथून किनारा जवळच. बेटाच्या पश्चिम अंगाला आहे म्हणून पाणी शांत. कॅरिबियनमध्ये वारा वर्षाचा बहुतेक काळ पूर्वेकडून येतो, त्यामुळे पश्चिमेचे किनारे आडोशाला राहतात. साताऱ्याच्या काकांनी लक्षद्वीपचं जे सांगितलं तसंच इकडेही, कारण मात्र वेगळं. बार्बाडोसला हा फरक डोळ्यांनी दिसतो. पश्चिमेला कार्लाइल बेमध्ये लोक कासवांबरोबर पोहतात आणि पूर्वेला बाथशेबाला उभ्या लाटा फुटतात. तिथे आम्ही नुसते बसून समुद्र बघितला, तोही फार सुंदर.

पूर्वेच्या किनाऱ्यांवर आणखी एक अडचण असते, सरगॅसमची. तपकिरी समुद्री शेवाळ. 2011 पासून उन्हाळ्यात ते ढिगांनी वाहून येतं. सुकलं की कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. मार्च ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर त्या आठवड्याचे ताजे फोटो शोधून बघा, जुन्या जाहिराती बघू नका.

सेंट मार्टेनचा माहो बीच मुलांसाठी. विमानं डोक्यावरून इतक्या खालून उतरतात की माझे यजमान प्रत्येक वेळी वाकायचे. पण दिवसभर बसायचा किनारा तो नव्हे.

दोन गोष्टी नक्की लिहून ठेवा. जहाजाचं घड्याळ आणि बेटाचं घड्याळ यात फरक असू शकतो, परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाची असते आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. आणि अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना, ते तिकीट काढण्याआधी बघा.

गावभाग, सांगली

आम्ही जैन आहोत. सिंगापूरहून निघालेल्या क्रूझवर जैन जेवण मिळालं, पण सूर्यास्ताआधी जेवायचं हे मुख्य आचाऱ्याशी पहिल्याच दिवशी बोलून ठरवावं लागलं. त्याने फार आपुलकीने केलं. बेटावर उतरताना मात्र डबा आपला आपण. भडंग, खाकरा, मेथीचे ठेपले.

फुकेतला जहाज पातोंगसमोर थांबलं. महिना जूनचा, शाळेच्या सुट्टीच्या हिशोबाने गेलेलो. किनाऱ्यावर लाल झेंडे. मे ते ऑक्टोबर तिकडे नैऋत्य मान्सून असतो आणि पश्चिमेचे किनारे खवळलेले असतात. माझा पुतण्या कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलावरून उडी मारणारा, त्याला वाटलं हे काय पाणी! जीवरक्षकाने त्याला हाताला धरून बाहेर काढलं आणि वाळूवर बोटाने काढून दाखवलं: लाट किनाऱ्याकडे येते, पण मधल्या एका पट्ट्यातून पाणी जोरात आत परत जातं. त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं. पुतण्याने ते सगळ्या भावंडांना शिकवलं. नदीत तयार झालेल्या प्रत्येकाला हे आधी सांगा, कारण त्यालाच पाण्याची भीती नसते.

म्हणून नणंदबाईंना सांगा, फुकेतसाठी डिसेंबर ते मार्च. पूर्वेचा किनारा पावसाळ्यात शांत असतो, पण ओहोटीला चिखल उघडा पडतो, तिथे पोहण्याची मजा नाही.

विटा

अंदमानबद्दल लिहितो. एका जहाजावर राहून बेटं बघायची तशी सफर ती नव्हे, पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) बोटीने जायचं आणि बेटावर मुक्काम करायचा. हॅवलॉक म्हणजे आता स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यासारखी रुंद, मऊ वाळू मी कुठेच पाहिलेली नाही. मागे उंच जंगल, म्हणून ऐन दुपारी सावली. 2020 मध्ये त्याला ब्लू फ्लॅग मिळाला. मगरींच्या सूचनेचे फलक तिथे गंभीरपणे वाचा आणि जाळी लावलेल्या भागातच पाण्यात उतरा.

नीलच्या भरतपूरला भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच जा. ओहोटीला प्रवाळ उघडे पडतात आणि पोहता येत नाही. आम्ही हॉटेलवाल्याला वेळ विचारून भरतीला गेलो, बायकोने पहिल्यांदा पाण्यात डोकं घालून मासे बघितले.

वाई

जीवशास्त्र शिकवते, म्हणून एक कळकळीची विनंती. प्रवाळावर उभं राहू नका. दगड वाटतो, पण तो जिवंत प्राण्यांचा समूह आहे. लक्षद्वीपचे प्रवाळ 1998, 2010 आणि 2016 मध्ये समुद्र तापल्याने मोठ्या प्रमाणात पांढरे पडले, 2024 मध्ये पुन्हा. पाणी जास्त तापलं की प्रवाळाच्या अंगातलं शैवाल निघून जातं आणि त्याचं अन्नच तुटतं. सावरायला वर्षं लागतात. पायाखाली मात्र ते एका क्षणात मोडतं. शंख-प्रवाळ पिशवीत घालून आणू नका, प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. क्रीमचे थर थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, तो उन्हालाही चांगला.

माझ्या मते उत्तम किनारा म्हणजे जिथे काठावरून उतरताच वाळू असते आणि प्रवाळ थोडं पुढे. शिकाऊ माणसाचे पाय वाळूवर राहतात आणि प्रवाळही वाचतं. काचेच्या तळाची बोट मिळाली तर सासूबाईंना नक्की बसवा. आमच्या बोटीखालून हिरवं कासव समुद्री गवत चरत गेलं, आईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

विश्रामबाग, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंनी खलाशांचा भाग दोनदा वाचायला लावला आणि "मग जमेल मला" म्हणाल्या. आता जानेवारीचा शेवट बघतोय, धाकट्याच्या शाळेत विचारते. कवरत्तीबद्दल कुणी लिहिलं नाही, तिथे उतरावं का?

सातारा तालुका

उतरा. लगून छान आहे, मत्स्यालय आहे, उज्रा मशिदीचं कोरीव लाकडी छत बाहेरच्यांना कधी बघता येतं ते विचारून घ्या. पण दमलेल्या माणसाला एका बेटावर जहाजातच ठेवायचं असेल तर ते कवरत्तीला ठेवा, कल्पेनीला नको.

मिरज

काकांशी सहमत. मिनिकॉयच्या आदल्या रात्री सासूबाईंना हलकं जेवण द्या. मळमळीची गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारून जहाज डोलायला लागण्याआधीच द्यायची, नंतर तिचा फारसा उपयोग होत नाही. लक्षद्वीपच्या प्रवेश परवान्याचे कागद लवकर करा, त्याशिवाय जहाजावर घेत नाहीत. आणि गुडघ्यांचा पट्टा हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको, बोटीत उतरताना तोच लागतो.